गाण्याची रात्र आणि शाळेचा हिशेब



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून वसंतात विद्वानांनी बोलावे आणि इतरांनी ऐकावे, असा महाराष्ट्रात रिवाज पडला. आम्ही त्या इतरांपैकी आहोत. शाळा आमची लवकर सुटली. पुढे जे काही वाचले ते बाजार समितीच्या ओट्यावर, पोत्यांना टेकून वाचले. सारी उमेद हमाल, मापाडी आणि जिनिंगमधील मजूर यांची संघटना बांधण्यात गेली. तेव्हा चालकांनी आम्हांला संगीताच्या उत्सवावर बोलावयास सांगितले, तेव्हा घरच्या मंडळींना हसू आवरेना. षड्ज कोठे संपतो आणि ऋषभ कोठे सुरू होतो हे आम्हांस अद्याप कळत नाही.

पण विषय नुसत्या संगीताचा नाही. गावच्या शाळेला मदत व्हावी म्हणून गाण्याचा उत्सव कसा करावा, हा विषय आहे. लोकांकडून चार पैसे मागणे, ते जपणे, आणि ज्याने दिले त्याला त्यांचा हिशेब देणे हा आमचा तीस वर्षांचा व्यवसाय आहे. आमचा अनुभव असा की असे उत्सव गाणे वाईट झाल्यामुळे फसत नाहीत. ते हिशेबाअभावी फसतात. म्हणून ज्या बाजूची आम्हांला माहिती आहे, त्या बाजूने हा विषय मांडतो.

उदाहरणासाठी एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. खामगावहून चिखलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चिखली तालुक्यात, उंद्री हे गाव आहे. त्याला उदयनगर असेही म्हणतात. भोवताली काळी जमीन, शेती पावसावरची; सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा ही पिके. अशा गावाने आपल्या शाळेसाठी एक संध्याकाळ गाण्याची करावयाचे ठरवले, तर पहिल्या बैठकीपासून शेवटच्या पावतीपर्यंत काय काय करावे, हे येथे सांगावयाचे आहे. उंद्रीत असा उत्सव झाला असे आमचे म्हणणे नाही. व्हावा असे आहे. जे आकडे पुढे येतील, तेही नमुन्यादाखल समजावेत.

एक फसलेला जलसा

आधी आमची फजिती सांगतो. पुष्कळ वर्षे झाली. गावाचे नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती, आमची होती. तेथल्या शाळेला कपाटे आणि पुस्तके हवी होती. अंदाज पंचवीस हजारांचा होता. आम्ही उत्साहाने पुढे झालो. मोठा मंडप घातला, दोन गाड्या भरून कर्णे आणले, रंगीत दिवे लावले, पाहुणे बोलावले. पाहुणे दीड तास उशिरा आले. तासभर सत्कार चालले. गाणे सुरू झाले तेव्हा मायबहिणी मुले खांद्यावर टाकून घराकडे निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हिशेब मांडला. जमा ४१,३०० रुपये. मंडप, कर्णे, दिवे, पाहुण्यांची गाडी, हार आणि जेवण मिळून खर्च ३८,९०० रुपये. शाळेच्या वाट्याला उरले २,४००. मुख्याध्यापकांनी ते दोनदा मोजले आणि काही न बोलता खिशात ठेवले. त्यांनी आम्हांला चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

पण खरी शरम दुसरीच होती. पेटी वाजवणारे एक वयस्क गृहस्थ शेजारच्या तालुक्यातून आले होते. दिवसा ते शेतमजुरी करीत. त्यांना आम्ही शाल आणि नारळ दिला, टाळ्या वाजवल्या आणि निरोप दिला. रात्री बसथांब्यावर ते आम्हांला भेटले. म्हणाले, "भाऊ, नारय तं घरी नेतो मी, पन यष्टीचं भाडं कोन देईन?"

किमान वेतनासाठी मोर्चे काढणारे आम्ही, एका मजुराची दिवसाची मजुरी बुडवून त्याला भाड्यालाही महाग करून ठेवले होते. त्या रात्रीपासून हा विषय आम्ही जरा गंभीरपणे घेऊ लागलो.

पैसा कशासाठी?

म्हणून पहिल्या बैठकीत गायक कोण, हा प्रश्न काढूच नये. पैसा कशासाठी, हा प्रश्न काढावा. "शाळेच्या मदतीसाठी" हे उत्तर पुरेसे नाही. किती रुपयांची, कोणती वस्तू, कोणत्या मुलांसाठी, हे कागदावर आले पाहिजे.

येथे एक फरक नीट समजून घ्यावयास हवा. मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सांगणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी शाळेत काय काय असावे, याची यादीच त्या कायद्याला जोडलेली आहे. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे शुद्ध पाणी, मैदान, कुंपण, ग्रंथालय इतक्या गोष्टी त्या यादीत आहेत. सरकारी शाळेत त्या पुरवणे हे सरकारचे कर्तव्य आहे. त्या वर्गणीतून उभ्या करू नयेत. मागून, भांडून, ठराव करून घ्याव्यात. गावाने गाणी म्हणून स्वच्छतागृह बांधले, तर सरकारी दप्तरात शाळेची गरज भागली अशी नोंद होते आणि पुढच्या गावालाही गाणी म्हणण्याचा सल्ला मिळतो. मालकाने द्यावयाची मजुरी कामगारांनी आपसांत वर्गणी काढून भागवावी, तसाच हा प्रकार होय.

मग उत्सवाच्या पैशाचे काम कोणते? जे कायद्याच्या यादीत बसत नाही, पण ज्यावाचून मूल मागे पडते, ते. वाचनाची आवड लागेल अशी जादा पुस्तके. लांबच्या वस्तीवरून येणाऱ्या मुलींसाठी सायकली. संध्याकाळी अभ्यासाला एक खोली आणि वीज गेल्यास तेथे दिवा. एक पेटी, एक तबला आणि आठवड्यातून दोनदा शिकवणारा माणूस. यांतील एकच गोष्ट निवडावी. दहा गोष्टींसाठी मागितलेला पैसा एकाही गोष्टीला पुरत नाही.

निवडताना एक पथ्य पाळावे. दरवर्षी येणारा खर्च एका रात्रीच्या उत्पन्नावर टांगू नये, आणि कर्ज तर मुळीच काढू नये. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे उदाहरण या बाबतीत मोठे बोधप्रद आहे. कुरुंदवाडचा हा मुलगा लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी गमावून बसला, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाणे शिकला, आणि राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांतील गाणे त्याने तिकीट काढून येणाऱ्या सामान्य माणसापुढे आणले. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. जलशांचे उत्पन्न आणि लोकांच्या देणग्या यांवर ती शाळा चाले. १९०८ साली ते मुंबईत आले. पुढे विद्यालयासाठी स्वतःची इमारत उभी केली आणि तिच्यासाठी कर्ज काढले. गावोगाव जलसे करूनही ते फिटेना, आणि अखेर सावकारांच्या देण्यापायी ती इमारत लिलावात गेली. १९३१ साली पंडितजी वारले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. ते आजही देशभर संगीताच्या परीक्षा घेते. इमारत गेली, तयार केलेली माणसे राहिली. शाळेसाठी पैसा जमवणाऱ्याने हे दोन्ही अर्धे लक्षात ठेवावेत.

समिती आणि गावातली दोन टोके

शाळेला कायद्यानेच एक शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. उत्सवाचा ठराव या समितीने करावा आणि कामासाठी सात ते नऊ जणांची उत्सव समिती नेमावी. आमच्या मते तिची बांधणी अशी असावी : दोन पालक, त्यांपैकी एक आई, एक शिक्षक, गावातल्या भजनी मंडळाचा एक माणूस, एक दुकानदार, महिला बचत गटातील एक बाई, कारण हिशेब ठेवण्याची सवय गावात सर्वांत पक्की त्यांनाच असते, आणि गावात जे दोन पक्ष असतील त्यांचा एकेक माणूस.

शेवटच्या सूचनेवर लोक हसतात. पण प्रत्येक गावाला दोन टोके असतात, आणि उत्सव एकाच टोकाचा झाला की अर्धे गाव दार लावून बसते. १९२१ सालची गोष्ट आठवा. लोकमान्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड उभा राहत होता. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या मराठी रंगभूमीवरच्या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांत तर हाडवैर. तरीही ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला आणि त्या फंडासाठी दोघे एका रंगमंचावर उभे राहिले. त्या एका प्रयोगाची आठवण महाराष्ट्र अजून काढतो. नाटकात मान आणि अपमान होता. मंडळ्यांनी मात्र तो बाजूला ठेवला. गावच्या राजकारण्यांना आम्ही हेच सांगतो, की शाळेच्या ओट्यावर संध्याकाळपुरते एवढे तुम्हांलाही जमेल.

दिवस आणि वेळ

दिवस पंचांगात पाहण्याआधी शेतात पाहावा. सोयाबीन दिवाळीच्या आसपास घरात येते. कापसाची वेचणी त्यानंतरही चालू असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा, गहू आणि दहावी-बारावीच्या परीक्षा. एप्रिल-मे लग्नांचा. पावसाळ्याचा तर प्रश्नच नाही. म्हणून जानेवारीचा पहिला पंधरवडा सोयीचा. त्यात १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी आपल्या जिल्ह्यातले लोक सिंदखेडराजाला जातात, तो दिवस टाळावा. ३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस. शाळेच्या कामासाठी याहून चांगला दिवस आम्हांला दिसत नाही.

मात्र जानेवारीच्या रात्री आपल्याकडे थंडी बोचते. तेव्हा साडेपाचला सुरुवात आणि नऊला समाप्ती, हे ठरवून टाकावे. पाहुण्यांसाठी थांबू नये. पाहुणा आला नसेल तर मुलांच्या गाण्याने सुरुवात करावी. दोन वर्षांत सारे पाहुणे वेळेवर येऊ लागतात. सत्कार असलाच तर दहा मिनिटांचा, आणि हाराऐवजी शाळेच्या ग्रंथालयात त्या पाहुण्याच्या नावाने एक पुस्तक.

गाणार कोण?

बाहेरगावचा मोठा गायक आणला म्हणजेच उत्सव, ही समजूत सोडावी. वऱ्हाडाच्या मातीत गाण्याने गाव एकत्र आणण्याची परंपरा जुनी आहे. गाडगे महाराज हातात खराटा घेऊन आधी गाव झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन म्हणत आणि त्या भजनातून माणसे गावाच्या कामाला लागत. दोघेही याच भागातले. तिकडे मुंबईच्या गिरणगावात १९४४ साली अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंनी शाळेची पायरी चढली न चढली, आणि त्यांची शाहिरी ऐकावयास हजारो कामगार मैदानात बसत. गाणे ऐकून माणूस शेजाऱ्याला सरकून जागा देतो, हे आम्ही संपाच्या सभांतही पाहिलेले आहे.

उंद्रीच्या आसपासच किती आवाज आहेत पाहा. वारकऱ्यांची भजनी मंडळे आहेत. भीमगीते म्हणणारी मंडळी आहेत. सैलानीच्या यात्रेत कव्वाली गाणारे आहेत. बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी गाणाऱ्या बाया आहेत. जात्यावरच्या ओव्या ज्यांना अजून पाठ आहेत अशा आज्या प्रत्येक गल्लीत दोनचार सापडतील. या सर्वांना एकाच ओट्यावर बसवले, तर ज्या आळीतला माणूस दुसऱ्या आळीत कधी चहा प्यायला जात नाही, तोही तीन तास तेथे बसून राहील. सुरुवात मुलांनी करावी, मग आज्यांच्या ओव्या, मग एकेक मंडळ अर्ध्या तासाचे, आणि शेवट सर्वांनी मिळून.

आता मजुरीची गोष्ट. कलावंत हा कामगार आहे. धर्मकार्य आहे म्हणून मंडपवाला फुकट मंडप घालीत नाही, आणि डिझेलवाला फुकट डिझेल देत नाही. मग गाणाऱ्यानेच फुकट का गावे? बोलावताना मानधन ठरवावे, ते कागदावर लिहावे, येण्याजाण्याचे भाडे आणि जेवण वेगळे धरावे, आणि पाकीट कार्यक्रमाआधी हातात द्यावे. पेटी आणि ढोलकीवाल्याचे पाकीट मुख्य गायकाच्या हाती न देता ज्याचे त्याला द्यावे. ज्याला काही न घेता गावयाचे असेल, त्याने तसे आपण होऊन सांगावे. आपण त्याला तसे सुचवू नये.

कागद आधी, गाणे मागून

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी एक जलसा केला. दिवसातून दोन खेळ झाले. सुमारे ४० हजार लोक आले. तिकिटांचे जवळजवळ २ लाख ४३ हजार डॉलर संयुक्त राष्ट्रांच्या बालकनिधीकडे गेले. जगात अशा मदतीच्या जलशांची वाट त्यानेच पाडली. पण करमाफीची कागदपत्रे आधी तयार केलेली नव्हती. म्हणून पुढे ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांतून आलेला मोठा पैसा करखात्याच्या फेऱ्यात कित्येक वर्षे अडकून पडला, आणि भूक काही तोवर थांबली नाही. एवढ्या मोठ्या लोकांचे असे झाले, तर आपण सावध राहणे बरे.

आपल्याकडे लागणारे कागद थोडेच आहेत. शाळेच्या मैदानासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शिक्षण खात्यास पत्र. ग्रामपंचायतीचे नाहरकत पत्र. कार्यक्रमाची आणि ध्वनिक्षेपकाची पोलीस ठाण्याची परवानगी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील काही मोजक्या दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देते, पण आपल्याला तिची गरजच पडू नये. विजेसाठी महावितरणची तात्पुरती जोडणी घ्यावी. खांबावर आकडा टाकून शाळेचा उत्सव करू नये, मुले पाहत असतात.

पैशाबाबत दोन गोष्टी. नोंदलेली संस्था नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करावयाचा, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास आधी अर्ज द्यावा लागतो. तो द्यावाच. दुसरी गोष्ट, गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमाचे तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही.

आणखी एक बारीक बाब. तुकोबांचे अभंग, जात्यावरच्या ओव्या, परंपरेची लोकगीते यांवर कोणाचा हक्क नाही. परंतु चित्रपटातील गाणे किंवा अलीकडच्या संगीतकाराने बांधलेली चाल ही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे त्याची व त्याच्या वारसांची मिळकत असते. तिकीट लावून ती वाजवावयाची तर परवाना लागतो. एका कामगाराच्या मदतीसाठी दुसऱ्याची मजुरी चोरू नये, हेच येथेही तत्त्व.

खर्च वेगळा, शाळा वेगळी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या पहिल्या जलशात जमा आणि खर्च एकाच पिशवीत होते. पिशवीतून आधी मंडपवाल्याने घेतले, मग कर्णेवाल्याने, आणि तळाशी जे राहिले ते शाळेचे. यावर उपाय एकच. दोन पिशव्या कराव्यात. खर्चाचा पैसा वेगळा जमवावा आणि तिकिटाचा पैसा पूर्णपणे शाळेचा ठेवावा.

समजा, कलावंतांचे मानधन २४ हजार, ध्वनिक्षेपक आणि दिवे १२ हजार, ओटा व सतरंज्या १० हजार, प्रवास व जेवण ८ हजार, छपाई ३ हजार आणि अडीअडचणीला ३ हजार. एकूण ६० हजार. हा खर्च तिकिटे विकण्यापूर्वी उचलून घेणारे गावातच शोधावेत. कोणी दुकानदार सतरंज्यांचे घेईल, पुण्या-मुंबईस नोकरीला गेलेली गावची मुले मिळून मानधनाचे घेतील, बचत गट स्वयंपाक करतील. ज्याने जे उचलले त्याचे नाव त्या खर्चापुढे लिहावे. उत्सवाच्या पंधरा दिवस आधी ६० हजारांपैकी ४० हजारच जमले असतील, तर उत्सव ४० हजारांचा करावा. मंडप काढून टाकावा. मानधन कमी करू नये.

आणि मग तिकीट. ५० रुपयांची १,२०० तिकिटे गेली तर ६० हजार रुपये, आणि त्यातला प्रत्येक रुपया शाळेचा. गावकऱ्याला छातीठोक सांगता येते, की बाबा, तुझे पन्नास रुपये दिव्यावर जळणार नाहीत. हे वाक्य खरे असले म्हणजे तिकीट विकावे लागत नाही, ते आपोआप जाते. विद्यार्थ्यांना तिकीट नसावे.

पन्नास रुपये हा दर कमी आहे, दोनचार श्रीमंतांकडून एकदम का घेऊ नये, असे कोणी विचारील. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांनी खेड्यातल्या घराघरांतून मूठमूठ धान्य मागितले. त्या मुठीने वसतिगृहातील मुले तर जेवलीच. पण जिने मूठ दिली ती बाई त्या शाळेची मालकीण झाली. एकाने लाख दिले तर शाळा त्याच्या नावाची होते. हजारांनी पन्नास दिले तर शाळा गावाची होते, आणि मास्तर चार दिवस आले नाहीत तर विचारणारे हजार निघतात. उत्सवाची खरी मिळकत आमच्या मते हीच आहे. पुस्तके दहा वर्षांत फाटतील. पण शाळा आपली आहे ही जाणीव गावाला झाली, तर ती पुढच्या पिढीलाही उपयोगी पडेल.

पेटीला दोन कुलुपे

पावतीपुस्तके आणि तिकिटे क्रमांक घालून छापावीत आणि कोणाला कोणत्या क्रमांकाची दिली, याची सही घ्यावी. न विकलेली तिकिटे परत घ्यावीत. बँकेत समितीचे खाते दोघांच्या सहीचे असावे. मोबाईलवरून पैसे देण्याचा क्यूआर कोड त्या खात्याचाच लावावा. सचिवांच्या स्वतःच्या मोबाईलचा लावू नये, मग सचिव कितीही देवमाणूस असोत. दारावरच्या पेटीला दोन कुलुपे असावीत आणि किल्ल्या दोन वेगवेगळ्या पक्षांच्या माणसांकडे. गाणे संपताच तेथेच, लोकांसमोर, तिघांनी मोजदाद करून आकडा ध्वनिक्षेपकावरून सांगावा.

यात कोणावर संशय घेण्याचा प्रश्न नाही. प्रामाणिक माणसाचे रक्षण व्हावे म्हणून ही व्यवस्था असते. आमच्या चळवळीत चांगली माणसे पैसा खाऊन गेली त्याहून अधिक, हिशेब न ठेवल्यामुळे बदनाम होऊन गेली. गाडगे महाराजांच्या कीर्तनांच्या बळावर पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्या त्यांनी विश्वस्त मंडळांच्या हवाली केल्या आणि स्वतः अंगावरच्या चिंध्या आणि एक फुटके गाडगे एवढीच मालमत्ता ठेवली. तेवढे वैराग्य आपल्या अंगी नाही. म्हणून आपल्याला दोन कुलुपे लागतात.

३ जानेवारीला उत्सव झाला तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हिशेब वाचावा. जमा, खर्च, शिल्लक आणि काय विकत घेतले, हे शाळेच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहावे आणि महिनाभर पुसू नये. त्याच ग्रामसभेत दुसराही ठराव करावा : कायद्याप्रमाणे सरकारने जे द्यावयाचे ते कोणते राहिले आहे, आणि ते केव्हा देणार. जे गाव आपला हिशेब फळ्यावर लिहिते, त्या गावाला सरकारकडे हिशेब मागण्याचा अधिकार असतो, आणि त्याच्या मागणीला वजनही असते.

शेवटची पावती

पहिल्या फजितीनंतर काही वर्षांनी आम्ही पुन्हा एकदा धीर केला. या वेळी मंडप नव्हता. शाळेचाच ओटा, आजूबाजूच्या घरांतून आणलेल्या सतरंज्या, आणि दोनच कर्णे. पेटी वाजवायला त्याच गृहस्थांना बोलावले. यायला तयार होतील की नाही याची आम्हांला धाकधूक होती. पण ते आले. कार्यक्रमाआधी पाकीट हातात ठेवले. त्यांनी ते आमच्यासमोर उघडले, पंधराशे रुपये मोजले, आणि त्यातली शंभराची नोट काढून टेबलावर ठेवली.

"हे शायेले," ते म्हणाले. "पन पावती देजा, भाऊ."

आम्ही पावती फाडली. त्या वर्षी शाळेला मिळालेली रक्कम मोठी नव्हती, पण तिच्यात त्या शंभर रुपयांइतका स्वच्छ पैसा दुसरा नव्हता. पहिल्या खेपेस आम्ही त्यांच्याकडून न विचारता दान घेतले होते, म्हणजे ते दान नव्हतेच. मजुरी हातात पडल्यावर माणूस आपल्या मनाने जे काढून देतो, त्याला दान म्हणतात. उत्सव करणाऱ्यांनी आधी पहिले पाकीट द्यावे, आणि मग पावतीपुस्तक उघडावे. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.